सोलापूरच्या रंगवलेल्या भिंती हिवाळ्यात कशा टिपाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात नोकरी, नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत सोलापूरला घरी मुक्काम, हातात मोबाईल आणि १८-५५ लेन्सचा जुना डीएसएलआर. गावातल्या भिंतींवरची चित्रं टिपायची आहेत. कुठं जावं, किती वाजता निघावं, काय सांभाळावं?

बहुतेक जण 'कुठं'पासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते बघायची सवय लावा. सोलापुरात हिवाळा या कामाला चांगला, पण तो थंडीमुळे नव्हे. आपली थंडी ती काय, पहाटे पंधरा-सोळा अंश आणि दुपारी पुन्हा तीसच्या घरात. हिवाळा चांगला तो सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून. २१ डिसेंबरच्या आसपास सोलापुरात सूर्य ६.५० च्या सुमारास उगवतो, तोही नेमका पूर्वेला नाही. पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकून. भर माध्यान्ही, म्हणजे घड्याळात साधारण १२.२५ वाजता, तो क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर चढतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हाच सूर्य थेट डोक्यावर असतो आणि प्रत्येक भिंतीवर छज्ज्याची काळी पट्टी उमटवतो. तुम्ही असाल तेव्हा, संक्रांतीपर्यंत, सूर्योदय सातला आणि सूर्यास्त ६.१० ला गेलेला असेल.

याचा भिंतींशी संबंध असा. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ढोबळमानाने दसऱ्यापासून होळीपर्यंत थेट ऊन येतच नाही. ती दिवसभर सावलीत असते, पण वर उघडं आभाळ असतं, त्यामुळे तिच्यावर सगळीकडे सारखा, मऊ उजेड पडतो. चित्राची हुबेहूब नोंद करायची असेल तर यापेक्षा चांगला उजेड स्टुडिओतही सहज मिळत नाही. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत कधीही जा. म्हणजे नवशिक्यांना सांगतात तसं 'दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा' हे आपल्याकडे हिवाळ्यात पाळायची गरज नाही. दुपार उत्तरेच्या भिंतींसाठी ठेवायची.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचं नेमकं उलटं. तिच्यावर दिवसभर ऊन. पण सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास ऊन तिच्यावर तिरपं, जवळजवळ घासत येतं. त्या वेळी ब्रशचे फटकारे, पोपडे धरलेला रंग, चुन्याच्या जुन्या थरावर चढवलेला नवा थर, सगळं उठून दिसतं. दुपारी त्याच भिंतीचा फोटो सपाट आणि भगभगीत येतो. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी साडेसात ते साडेआठ ऊन बऱ्यापैकी समोरून पडतं, रंग भरून दिसतात. साडेअकराच्या पुढे तेच ऊन तिला घासून जातं आणि पोत दिसायला लागतो. पश्चिमेच्या भिंतीला हाच क्रम संध्याकाळकडून उलटा लावा.

दिशा ओळखायला होकायंत्र काढत बसायचं कारण नाही. रस्ता लक्षात ठेवला की पुरे. विजापूर रोड गावातून साधारण दक्षिणेकडे जातो, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्व-पश्चिम बघतात. हैदराबाद रोड पूर्वेकडे जातो, तेव्हा त्याच्या दक्षिण बाजूच्या कुंपणभिंती उत्तरेकडे तोंड करून असतात. तिथं दुपारी जा. जुन्या गावातल्या बोळांचं गणित मात्र वेगळं. बोळ चार मीटर रुंद आणि समोरचं घर दुमजली असेल तर ४९ अंशांवरचा सूर्य भिंतीच्या खालच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. बाळीवेस, शुक्रवार पेठ, टिळक चौकाच्या मागच्या गल्ल्या अशाच. तिथं वेळेची घाई नाही. एक गोष्ट मात्र बघा: समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर ऊन पडलं असेल आणि ते घर गुलाबी किंवा पोपटी रंगवलेलं असेल, तर तोच रंग तुमच्या भिंतीवर उतरतो. डोळ्याला कळत नाही, फोटोत कळतं.

आता 'कुठं'. एकेका चित्राचा पत्ता देत नाही, कारण आज सांगितलेल्या भिंतीवर तुम्ही पोहोचाल तेव्हा कोचिंग क्लासची जाहिरात असेल. शिवाय सोलापुरात दिल्लीच्या लोधी कॉलनीसारखी ठरवून रंगवलेली वसाहत नाही, जिथं नकाशा घेऊन फिरता येईल. इथं काय-काय असतं ते सांगतो, म्हणजे नजर तयार होईल.

एक प्रकार सरकारी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं. त्यात स्वच्छ सर्वेक्षणाची भर पडली आणि शाळा, कार्यालयं, पुलांचे खांब रंगायला लागले. विषय बहुधा ठरलेले: गांधीजींचा चष्मा, झाडं लावा, मुलगी शिकवा, सिद्धेश्वर मंदिर, चादर, नान्नजचा माळढोक पक्षी. खरं सांगायचं तर चष्मा आणि झाड हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जवळपास एकाच हातानं काढल्यासारखं दिसतं. त्याचा एखादा फोटो नोंदीला ठेवा आणि पुढं चला. पण त्याच भिंतीवर एखाद्या रंगाऱ्यानं माळढोकाला स्वतःच्या मनानं रंगवलेलं असेल, चादरीची नक्षी खरी मोजून काढलेली असेल, तिथं थांबा.

दुसरा प्रकार पेंटरच्या अक्षरांचा, आणि माझ्या मते सोलापूरचा खरा ऐवज हाच. दुकानांचे बोर्ड, दारांवरची नावं, शटरवरच्या जाहिराती, पिठाच्या गिरण्या, सायकल दुकानं, लाँड्री, देवळाच्या कमानीवरची देणगीदारांची यादी. फ्लेक्स आल्यापासून हे काम झपाट्यानं आटलं. पण आपल्याकडे ते चार लिप्यांत सापडतं, ही गंमत फार थोड्या शहरांत आहे. पूर्व भागात, साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौकाकडे, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्त्या; तिथं तेलुगू अक्षरं. बाळीवेस आणि मंदिराच्या आसपास कन्नड. विजापूर वेशीकडं उर्दू. आणि मराठी सगळीकडे. काही ठिकाणी एकाच फळीवर दोन-तीन लिप्या असतात आणि नीट बघितलं तर कळतं की पेंटरचा हात एका लिपीत सराईत आहे आणि दुसरी त्यानं चिठ्ठीवरून बघून उतरवली आहे. असे बोर्ड जवळून घ्या. अक्षराच्या कडेची सावली कुठल्या बाजूला दिली आहे, वेलांटीचं टोक कसं सोडलंय, हे फोटोत मोठं करून बघण्यासारखं असतं. एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले, आणि मुंबईत त्यांनी सुरुवातीला पोट भरलं ते सिनेमाची होर्डिंग रंगवून. तेव्हा बोर्ड रंगवणं हे चित्रकलेपेक्षा हलकं काम, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

जुन्या बोर्डाचं वय काढायला एक युक्ती: फोन नंबर बघा. सहा आकडी लँडलाईन नंबर असेल तर बोर्ड या शतकाच्या अगदी सुरुवातीचा किंवा त्याहून जुना. 'एसटीडी पीसीओ' दिसलं की तोच काळ. दहा आकडी मोबाईल नंबर नंतर कुणीतरी वेगळ्या रंगात घुसडलेला असतो, तोही दिसेल.

शटरबद्दल वेगळं सांगायला हवं. शटरवरचं चित्र दुकान बंद असतानाच दिसतं आणि आपल्याकडे बाजारपेठ साधारण दहाच्या पुढे जागी होते. म्हणजे नवी पेठ, माणिक चौक, मधला मारुती या भागाला सकाळी सव्वासात ते नऊ ही वेळ. तेव्हा हातगाड्या लागलेल्या नसतात, मोटारसायकलींची रांग नसते, आणि पूर्वेच्या बाजूंना ऊनही असतं. दहानंतर तिथं गेलात तर भिंतीपेक्षा हँडलच जास्त दिसतील.

बाकी ट्रक, टेंपो आणि रिक्षांची मागची बाजू हीही चालतीबोलती चित्रकलाच. ती टिपायची तर ट्रक उभे राहतात अशा पार्किंगला संध्याकाळी जा. तो वेगळाच विषय आहे, इथं सोडतो.

तिसरा प्रकार मात्र फक्त हिवाळ्यातला, आणि तुम्ही नेमके त्याच दिवसांत इथं आहात. गड्ड्याची यात्रा. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्यांची) मिरवणूक निघते, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घातल्या जातात. रस्त्यावरची कला म्हणायची तर यापेक्षा शब्दशः काय असेल? तिचं आयुष्य काही तासांचं. तिचे फोटो मिरवणुकीच्या आधी काढायचे, कारण नंतर फक्त रंगीत धूळ उरते. तिथं दोन गोष्टी सांभाळा. सकाळचं तिरपं ऊन रांगोळीच्या कणाकणाची सावली पाडतं, तेव्हा कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि सूर्याच्या साधारण समोर तोंड करून घ्या, पोत उमटतो. पूर्ण आकृती हवी असेल तर वरून घ्यावी लागते, त्यासाठी वाटेवरच्या एखाद्या घराची गॅलरी आधीच मागून ठेवा. ओळखीचं घर निघतंच, सोलापूर आहे हे. रांगोळी घालणाऱ्यांचे हात टिपायचे असतील तर पहाटे जावं लागेल आणि तेव्हा त्यांना दिव्याचा उजेड हवा असतो, तुमची सावली नको असते. कडेनं उभं राहा. मिरवणूक आल्यावर बाराबंदी (पारंपरिक पांढरा अंगरखा) घातलेले मानकरी आणि ध्वज पेलणारे यांच्या वाटेत येऊ नका. तो तोल सांभाळायचा खेळ आहे आणि एक वाकडं पाऊल महागात पडतं. गर्दीत लांब लेन्स नको, पाठीवर मोठी सॅकही नको.

ड्रोन हा विषय निघतोच. होटगी रोडचा विमानतळ गावाला लागून आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघणं बंधनकारक आहे, आणि यात्रेच्या गर्दीवर तर ड्रोन नकोच.

आता प्रत्यक्ष फोटो. भिंतीवरच्या चित्राचा फोटो दोन प्रकारे काढता येतो: चित्राची नोंद म्हणून, किंवा चित्र आणि रस्ता मिळून. दोन्ही काढा, पण एकाच फोटोत दोन्ही साधायला जाऊ नका.

नोंदीच्या फोटोत भिंत चौकोनी यायला हवी. वर निमुळती झालेली, एका बाजूला पळालेली भिंत चालत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर हवी. चित्राच्या मध्याच्या अगदी समोर उभं राहा आणि कॅमेरा चित्राच्या निम्म्या उंचीवर धरा. चित्र आठ फूट उंच असेल तर चार फुटांवर, म्हणजे पोटाशी. आपण सवयीनं डोळ्यापाशी धरतो आणि खाली वाकवतो, तिथं घोटाळा होतो. स्क्रीनवर ग्रिड सुरू करा. पेंटरनं मारलेली खालची पट्टी किंवा विटांची ओळ ग्रिडच्या रेघेला जुळवा. कित्येक भिंतींवर पेंटरनं चित्र मोठं करण्यासाठी आखलेले चौकोन पुसट दिसतात, खडूत बुडवलेल्या दोरीची रेघ दिसते. सरळपणा तपासायला त्याच रेघा उपयोगी पडतात, आणि त्या फोटोत आल्याच पाहिजेत. चित्र कसं बनलं याचा पुरावा आहे तो.

तुमच्या १८-५५ लेन्सवर १८ ला जाऊ नका. त्या टोकाला सरळ रेघा पोट फुगल्यासारख्या वाकतात. ३५ ते ५० मध्ये ठेवा आणि पायानं मागं जा. लेन्सचं छिद्र एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते ४००, फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. मोबाईलचा मुख्य कॅमेराही बराच रुंद असतो, म्हणून दोनपट झूम लावून मागं सरका. रस्ता अरुंद असेल, मागं सरकायला जागा नसेल, तर रुंद लेन्सचा मोह टाळून तुकड्यांत काढा: भिंतीपासून तेवढंच अंतर ठेवून बाजूला दोन-दोन पावलं सरकत जायचं, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान एक तृतीयांश भाग यायला हवा, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा) आणि व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची सेटिंग) हातानं पक्का केलेला हवा. घरी संगणकावर जोडता येतं. एका जागी उभं राहून मान फिरवत पॅनोरमा घेतला तर शाळेची सरळ कुंपणभिंत केळ्यासारखी वाकते.

रंग. उत्तरेच्या भिंतीवर उजेड निळ्या आभाळाचा, त्यामुळे फोटो निळसर येतो. कॅमेऱ्यात 'शेड' निवडलं किंवा सात ते आठ हजार केल्विन ठेवलं तर बऱ्यापैकी जुळतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे खिशात एक जाड पांढरा कागद. पहिल्या फोटोत तो भिंतीला टेकवून धरायचा, पुढचे फोटो त्याच्याविना. घरी त्या कागदावर क्लिक करून व्हाईट बॅलन्स घ्यायचा आणि बाकीच्यांना लावायचा. राखाडी कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीवर बारीक चित्र असेल तर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). काळ्या-निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं असतील तर तेवढंच कमी करा.

चकाकी हा खरा शत्रू. डिस्टेंपर मॅट असतो, त्याची अडचण नाही. बोर्ड आणि शटर ऑइल पेंटचे असतात आणि त्यांत अख्खं आभाळ दिसतं. इथं सगळे पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा चकाकी कापणारा फिल्टर, घ्यायला सांगतात. सल्ला अर्धा बरोबर आहे. पोलरायझर चकाकी कापतो ती तिरकस कोनातून बघताना, भिंतीला काटकोनात असलेल्या रेषेपासून पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास. तुम्ही बोर्डाच्या अगदी समोर उभे असाल तर तो फिरवून काही फरक पडत नाही, उलट दीड-दोन स्टॉप उजेड तेवढा जातो. समोरून घ्यायचंय आणि चकाकी आहे, तर समोरची उजळ गोष्ट कोणती ते मागं वळून बघा. बहुतेक वेळा ऊन पडलेली पांढरी भिंत किंवा एखादी गाडी असते. ऊन तिच्यावरून सरकेपर्यंत समोर चहा घ्या. गडद कपडे घालून जायचं कारणही हेच. पांढरा शर्ट ऑइल पेंटच्या शटरमध्ये झकास उमटतो.

झाडाखालच्या भिंतीवर कडुनिंबाच्या फांद्यांतून कवडसे पडतात. मोह होतो, पण कवडशांत ना चित्र दिसत ना ऊन. ढग येईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या वेळी या. जानेवारीत ढग फारसे नसतात, म्हणजे दुसऱ्या वेळीच या.

रस्त्यासकटच्या फोटोला वेगळा विचार लागतो. भिंत तशीच राहते, माणसं बदलत राहतात. चित्राशी काहीतरी नातं जुळणारा क्षण येईपर्यंत थांबायचं. पूर्व भागातल्या गल्लीत भिंतीमागं यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो, सुताच्या कोनांनी भरलेली सायकल जाते, शाळा सुटते. मात्र लोकांच्या ओट्यावर कॅमेरा रोखू नका. विडी वळत बसलेल्या बायका दिसतील. काम त्यांचं, ओटा त्यांचा. आधी बोला. मराठी चालतंच, तेलुगूतले दोन शब्द येत असतील तर दार लवकर उघडतं. नाही म्हणाल्या तर भिंतीचा रिकामा फोटो घ्या.

एक प्रश्न तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: "काय ओ, मापं घ्यायला आलाव काय?" भिंतीसमोर मागंपुढं सरकणारा, कॅमेरा रोखणारा माणूस रस्तारुंदीकरण किंवा अतिक्रमणाच्या कामाचा असणार, हा लोकांचा अनुभवाचा हिशोब आहे. त्यावर हसू नका. स्क्रीनवर काढलेला फोटो दाखवा आणि विचारा, 'हे कुणी रंगवलं?' गाडी तिथून रुळावर येते. बऱ्याचदा पेंटर त्याच गल्लीतला निघतो. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि नंबर असतो, त्या कोपऱ्याचा जवळून वेगळा फोटो घेत जा. आणि खरोखर फोन करा. पेंटर मंडळी फ्लेक्सवर वैतागलेली असली तरी कामाबद्दल मनापासून बोलतात: प्रायमर कुठला, अक्षर आधी खडूनं की थेट ब्रशनं, पैसे फुटावर की अक्षरावर. परतताना त्यांना त्यांच्या भिंतीची एक छापील प्रत द्या. आठ बाय दहाची प्रत काही महाग नसते.

हक्कांचा मुद्दा कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. रस्त्यावर दिसतं म्हणजे सगळ्यांचं, असं कायदा म्हणत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ (१) (टी) असं सांगतं की सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचा किंवा कलात्मक कारागिरीच्या वस्तूचा फोटो काढून प्रसिद्ध करणं हे उल्लंघन नाही. यात रंगवलेल्या चित्राचं नाव नाही. आपल्या गावचं उदाहरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना इंग्रज सरकारनं १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चौकातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो तुम्ही पोस्टकार्डावर छापू शकता. त्याच चौघांचं चित्र कुणी अलीकडे भिंतीवर रंगवलं असेल तर त्या चित्राचा फोटो छापून विकण्याआधी चित्रकाराची परवानगी हवी. त्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. स्वतःच्या संग्रहासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी फोटो काढायला अडचण नाही. पण कॅलेंडर, मग, टी-शर्ट, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याच्या संग्रहात टाकणं, इथं आधी विचारा. कोपऱ्यातला तो फोन नंबर इथंही उपयोगी पडतो. रेल्वे स्टेशनच्या हद्दीतल्या भिंतींसाठी आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या, उगाच वाद नको.

नोंद कशी ठेवायची? फाईलच्या नावातच तारीख, भाग आणि भिंतीची दिशा: '२०२५-१२-२८ साखर पेठ उत्तर' एवढं पुरतं. भाग लिहा, पण ज्यांच्या घराची भिंत आहे त्यांचं नाव लिहू नका. उभं राहिलात ती जागाही लिहा, 'विजेच्या खांबापासून तीन पावलं' अशी, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात नेमकं तिथंच उभं राहता येईल. एकाच जागेवरून एकाच भिंतीचे लागोपाठच्या हिवाळ्यांतले फोटो शेजारी ठेवले की चित्र कसं उतरलं, त्यावर काय चिकटलं, कुणी पुसलं, सगळं कळतं. निवडणूक आली की राजकीय भिंती रंगतात आणि आचारसंहिता लागली की त्यांवर चुना फिरतो. चुना पातळ असेल तर खालची अक्षरं वर डोकावतात. ती दक्षिणेच्या भिंतीवर असतील तर सकाळच्या पहिल्या तासात बघा, उठून दिसतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. सकाळी सातला दुचाकीवर कानटोपी आणि जर्किन, साडेनऊला ते डिकीत. थंडीत बॅटरी लवकर उतरते हा सल्ला लडाखचा आहे, सोलापूरचा नाही. सकाळी मात्र शेकोट्या आणि पेटवलेला कचरा यांचा धूर जमिनीलगत साचतो. लांबच्या भिंतींचे रंग त्यात फिके होतात, तेव्हा पहिला अर्धा तास जवळच्या भिंतींना द्या. दुपारी हुरड्याचं आमंत्रण आलं तर उत्तरेच्या भिंती दुसऱ्या दिवशी करा. त्या कुठं जात नाहीत, हुरडा जातो.

राहिला तुमचा जुना डीएसएलआर. इथला खरा त्रास धुळीचा. निघण्याआधी एफ १६ वर निरभ्र आभाळाचा एक फोटो घ्या. त्यात करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ती हटकून दिसेल. तोंडानं फुंकू नका, रबरी ब्लोअर वापरा, तेवढ्यानं गेली नाही तर दुकानात साफ करून घ्या. रस्त्यावर लेन्स बदलू नका. जी लावायची ती घरूनच लावून निघा.